बोलावणं मागे घेताना

हेमा : एकदा दाबून काही होत नसेल तर माणूस दुसऱ्यांदा दाबणारच की गं. तू नसतं दाबलं?

शिवकन्या : दाबलं असतं. हेमाताई, मी तुम्हाला बोल लावायले नाही. किती वेळा दाबलं, तेवढं सांगा.

हेमा : मोजत बसले होते का मी? समोर त्या बाळंतिणीचा नवरा. ओ निगेटिव्ह पायजे म्हणून हात जोडून उभा, आणि आपल्या रक्तपेढीत त्या गटाची एक पिशवी शिल्लक नाही. मी ‘दाते शोधा’ दाबलं. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग लिहून आलं, ‘वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.’ केला पुन्हा प्रयत्न. परत तेच. परत केला. ते वाक्य तूच लिहिलंयस ना? मी आपली सांगितलेलं ऐकणारी बाई.

शिवकन्या : मीच लिहिलंय.

हेमा : मग झालं तर. शेवटी मी त्याचा नाद सोडला, नांदेडला फोन केला, तिकडून पिशव्या मागवल्या. दुपारी आल्या, बाईला चढवल्या, बाई सावध झाली. आपल्या लेखी प्रकरण मिटलं. आणि आता हे काय सुरू झालंय? सिद्धोधन सर भरला वर्ग सोडून आले. म्हणे तुमचा मेसेज आला. मी म्हटलं, कशाचा मेसेज? त्यांनी मोबाईल पुढं केला. आपलाच. बिचारे तसेच वर्गावर परत गेले, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून तुला ऑफिसातून उठवून आणलं.

शिवकन्या : बरं केलं. ताई, सकाळचे शोध आत्ता पूर्ण व्हायलेत.

हेमा : सकाळचे? ते तर वेळ संपून गेले ना?

शिवकन्या : वेळ पडद्याची संपली. तुमच्यासमोरचा पडदा अर्धा मिनिट वाट बघतो, कंटाळतो आणि तुम्हाला सांगतो, झालं नाही. पण मागं सर्व्हरवर शोध चालूच असतो. त्याला कुणी सांगितलंच नाही की आता कुणी वाट बघत नाही म्हणून. तुम्ही परत दाबलं की त्याच्या शेजारी दुसरा निघाला. मग तिसरा. सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून चालले, म्हणून सगळेच रखडले. आता एकेक जण पोचायलाय. आणि जो पोचतो तो आपलं काम करतो, दात्यांना मेसेज पाठवतो.

हेमा : थांब, थांब. म्हणजे आमच्या मामेबहिणीच्या साखरपुड्यासारखं. मुलाकडच्यांनी आदल्या रात्री मोडला. घरात रडारड, सगळ्या पाहुण्यांना फोन झाले, येऊ नका म्हणून. फक्त आचाऱ्याला सांगायचं राहिलं. सकाळी टेम्पोतून बुंदीच्या पराती दारात.

शिवकन्या : अगदी तसंच. आचाऱ्याची चूक नाही त्यात.

हेमा : नव्हतीच. चूक मामाची होती. सांगायचं काम त्याच्याकडं होतं.

शिवकन्या : इथं ते माझ्याकडं होतं.

हेमा : बरं, आता तोंड पाडून बसू नको. बंद कर ना सगळं. मुख्य बटण दाब.

शिवकन्या : पंकजचं पण तेच. आमच्या ऑफिसातला तो, पुण्याहून काम बघतो ना. फोनवर म्हणाला, सर्व्हरच बंद करून परत चालू कर, कशाला डोकं पिकवतेस. त्याला काय जातंय. आत लॅबमध्ये सगुणाबाई थॅलेसेमियाच्या लेकरांच्या पिशव्या जुळवायल्यात, ती नोंद पण ह्याच सर्व्हरवर चाललीय. बंद केलं तर त्यांचं अर्धवट राहील. कोणती पिशवी कोणत्या लेकराची, ते परत पहिल्यापासून.

हेमा : नको गं बाई. तिथं घोळ नको.

शिवकन्या : म्हणून एकेक निवडून थांबवायलेय. आधी नीट सांगायचं, थांब. बहुतेक ऐकतात. नाही ऐकलं तर त्याची जोडणीच तोडायची. हा थांबला. हा पण थांबला. हा... हा गेला.

हेमा : गेला म्हणजे?

शिवकन्या : मी हात घालायच्या आत पूर्ण झाला. पेडगावच्या शिवलिंगप्पांना आत्ता मेसेज पडला असेल.

हेमा : देवा. थांब, त्यांना मीच लावते. हॅलो, अप्पा? हेमा बोलते, परभणी रक्तपेढी. मेसेज आला का? हो, तो चुकून आलाय. चुकून. निघू नका. शर्ट घालायलेत? काढून ठेवा. नाही हो, कुणी गेलं नाही, सगळं बरं आहे. हो. माफी असावी. हो, हो, शिबिराला भेटूच. ठेवते. एक सुटला. पण मला एक सांग, एवढं काय शोधत असतं ते? ओ निगेटिव्हवाले अख्ख्या जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतके.

शिवकन्या : गट शोधायला वेळ लागत नाही. आठवतं का, तुम्ही म्हणाला होता, एकच माणूस एका शिबिरात शिवलिंग, दुसऱ्यात शिवलिंगप्पा, तिसऱ्यात लिंगप्पा आणि गावच्या जयंतीला नुसताच अप्पा. मग त्यानं मागं कधी रक्त दिलं ते कळत नाही, आणि तीन महिन्यांच्या आतच परत बोलावणं जातं.

हेमा : म्हटलं होतं. खरंच एकाला तसं बोलावलं होतं आपण.

शिवकन्या : म्हणून मी प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून बघायला लावलं. तेव्हा दोन शिबिरांची नावं होती, पापणी लवायच्या आत व्हायचं. नंतर जुन्या सगळ्या शिबिरांची नावं भरली. मला वाटलं, लागेल थोडा उशीर. ह्यापेक्षा जास्त वेळ लागला तर सोडून दे, असं सर्व्हरला सांगायचं राहिलं. पडद्यानं नाद सोडला की मागच्याला हाक मारायची, ते पण राहिलं. आणि मेसेज पाठवायच्या आधी एकदा विचारायचं, रक्त अजून पायजे का? ते तर डोक्यातच आलं नाही.

हेमा : बरं, आता डोक्यात आलंय ना? मग थांबव. अजून कुणाकुणाला गेलेत बघ. यादी दाखव मला.

शिवकन्या : ही बघा. सिद्धोधन सर, ते आलेच होते. पूर्णेच्या गीताबाई, त्यांना पोचलाच नाही, फोन बंद. आणि ताडकळसचे शंभुराज. सरांच्या बरोबरच गेलाय हा.

हेमा : काय म्हणालीस?

शिवकन्या : शंभुराज. ताडकळस.

हेमा : त्याला जाऊच शकत नाही. आज दुपारी त्याचा फोन आला होता मला. त्याच्या आईला, गौराबाईंना, डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणलंय. म्हणाला, ‘ताई, चार दिवस मला हाक मारू नका, माय आज-उद्याची हाय.’ मी तिथल्या तिथं त्याच्या नावापुढं खूण केली. तूच ती सोय दिली होती, ‘सध्या बोलावू नये’. ही बघ, खूण आहे इथं.

शिवकन्या : आहे. दुपारची आहे.

हेमा : मग?

शिवकन्या : तो शोध सकाळी निघालाय, ताई. निघताना जशी यादी होती तशीच त्याला दिसते, शेवटपर्यंत. मधे तुम्ही काय बदललं ते त्याला कळत नाही.

हेमा : म्हणजे मी केलं ते फुकट.

शिवकन्या : त्या शोधापुरतं फुकट.

हेमा : लाव त्याला फोन. नाही, मी लावते. रिंग जायलीय. उचल रे बाबा. उचल. नाही उचलत.

शिवकन्या : कदाचित निघालेच नसतील. घरी असं असताना कोण निघेल?

हेमा : तू त्याला ओळखत नाहीस. आणि आपला मेसेज वाचलायस का कधी? ‘तातडीनं रक्त हवं आहे. फोन करत बसू नका, लगेच निघा.’ ते मी घालायला लावलं. आधी लोक निघायच्या ऐवजी फोन करून चौकशा करायचे, कुणाला पायजे, कोणत्या दवाखान्यात, पेशंट कुणाचा कोण. आपली लाईन अडकून पडायची. मीच शहाणी. फोन करायची वाटच बुजवून टाकली. आता त्याचा फोन खिशात आणि तो गाडीवर.

शिवकन्या : परत लावा.

हेमा : लावायलेच की. सर मघाच आले, म्हणजे ताडकळसहून निघालेला माणूस एव्हाना... शिवकन्या, खिडकीतून बघ. ती लाल मोटारसायकल.

शिवकन्या : उपरणं गळ्यात असलेले?

हेमा : तोच. हे बघ, नीट ऐक. त्याला काही सांगायचं नाही.

शिवकन्या : म्हणजे?

हेमा : आलाय ना? रक्त घ्यायचं. पिशवी कुणाच्या ना कुणाच्या कामी येईल, महिनाभर टिकते. चहा-बिस्कीट द्यायचं, आभार मानायचे आणि पाठवायचं. उद्या आई गेली तर निदान म्हणेल, मी चांगल्या कामाला गेलो होतो. आयुष्यभर तेवढाच आधार. फुकट गेलो होतो, हे ऐकून तो काय करणार आहे? खामखा त्याच्या जिवाला घोर.

शिवकन्या : आणि तपासणी, सुई, नंतरची विश्रांती? त्यात जो वेळ जाईल, त्या वेळात आई गेली तर?

हेमा : तसंही जायचंच आहे तिला.

शिवकन्या : आत्ता वळवलं तर तो पोचेल. पोचेलच असं नाही, पण पोचू शकेल.

हेमा : तुला तुझं मन मोकळं करायचंय, पोरी. राग येऊ देऊ नको. पण सांगून तू हलकी होशील आणि जड तो होईल.

शिवकन्या : असेल तसं. पण ताई, सकाळपासून ह्या मशीननं तेच केलंय. काम उरलं नाही हे कुणाला सांगितलं नाही आणि सगळ्यांना धावत ठेवलं. आता आपण पण तेच करायचं का?

(शंभुराज दारात आले. पन्नाशीकडं झुकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. कपाळावर सकाळचं भस्म, घामानं अर्धं पुसलेलं. त्यांनी शर्टाची बाही येतायेताच वर सरकवली होती, आत आल्यावर तेवढाही वेळ जायला नको म्हणून. शिवकन्येनं तो उघडा दंड पाहिला आणि तिला रडू फुटायला आलं. पण रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं. ती खुर्चीतून उठून उभी राहिली.)

शंभुराज : ताई, कुटं झोपू? लवकर घ्या, मला माघारी जायचंय.

हेमा : शंभुअप्पा, आधी बसा. पाणी घ्या.

शंभुराज : पानी नगं. कुनाला पायजे रगत?

हेमा : ते... एक बाळंतीण होती.

शंभुराज : होती? म्हंजी गेली का ती?

शिवकन्या : नाही, काका. वाचली. दुपारीच नांदेडहून रक्त आलं. तिला आता गरज नाही. तुम्ही इथूनच माघारी फिरा, आत्ता.

शंभुराज : ह्या कोन?

हेमा : ही शिवकन्या. आपल्या रक्तपेढीचा तो कॉम्प्युटरचा प्रोग्राम हिनं बनवलाय.

शंभुराज : मंग दुपारीच मिटलं तर मला आत्ता कशाला बोलावलं?

शिवकन्या : माणसानं नाही बोलावलं. सकाळी तिला रक्त लागत होतं तेव्हा शोध सुरू केला होता, तो मागं चालत राहिला. रक्त मिळालं तेव्हा तो थांबवायला पायजे होता. थांबवायची सोय मी केलीच नव्हती. त्यानं आता उशिरा तुम्हाला मेसेज धाडला. चूक माझी आहे. हेमाताईंची नाही.

शंभुराज : म्या तर ह्यास्नी दुपारी सांगून ठिवलं हुतं.

हेमा : सांगितलं होतं, अप्पा. मी लिहूनही ठेवलं. त्यानं ते बघितलंच नाही.

शंभुराज : म्या काय म्हनलं ठावं हाय का? म्या म्हनलं, सांगून बी बोलावायलेत. हेमाताई उगं बोलावनारी बाई न्हाई. म्हंजी अक्ख्या जिल्ह्यात दुसरं कुनी घावलंच नसंल. माझ्यावाचून अडलं असंल कुनाचं तरी.

हेमा : अप्पा...

शंभुराज : मायचा हात माझ्या हातात हुता. सोडवून घ्यावा लागला. बोटं लय घट्ट हुती. भन म्हनली, दादा नगं जाऊ. म्या तिच्यावरच वरडलो. म्हनलं, तुला काय कळतंय, तिकडं जीव अडकलाय कुनाचा.

शिवकन्या : काका, तुम्ही निघा. हवं ते बोला मला, पण नंतर. उद्या या, परवा या, मी इथंच आहे.

शंभुराज : तुला बोलून काय व्हनार हाय, बाई. पर एक सांग. बोलावनं तुमचं इजंच्या येगानं येतंय. खिशात येऊन पडतंय. मानूस हातातलं टाकून पळतंय. आन् नगं म्हनायला कुनीच न्हाई? एवढं मोठं यंत्र केलं, त्यात तेवढंच बसलं न्हाई?

शिवकन्या : नाही बसवलं.

शंभुराज : का?

शिवकन्या : बोलावलेला माणूस लवकर कसा येईल, एवढंच बघत होते. तो कुठून उठून येतो, ते डोळ्यांपुढं आलंच नाही.

हेमा : ड्रायव्हरला, रंगनाथला, गाडी काढायला सांगू का, अप्पा? मोटारसायकल इथं राहू द्या. अशा मनानं चालवू नका.

शंभुराज : गाडी रेल्वेच्या फाटकात अडकली तर तितंच बसावं लागंल. मोटारसायकल कुटून बी काढता येती. थांबा, फोन वाजलाय. घरून आसंल.

हेमा : बघा, बघा. काय म्हणतायत?

शंभुराज : घरून न्हाई.

हेमा : मग कुणाचा?

शंभुराज : तुमचाच हाय. ‘फोन करत बसू नका, लगेच निघा.’

शिवकन्या : थांबवायचे राहिले होते. बघते. हा... हा तो. गेला आता, पूर्ण झालाय. त्याच्या मागं अजून दोन आहेत.

हेमा : शिवकन्या, हात चालव.

शिवकन्या : एक थांबला. दुसरा ऐकत नाही. जोडणीच तोडते. तुटली. काका, आता नाही येणार. आता कुणालाच नाही येणार.

शंभुराज : आलेलं पुसून टाकतो. घरचा निरोप बघताना मधीच दिसायचं.

हेमा : शंभुअप्पा, मी काय बोलू? इतकी वर्षं तुम्ही हाकेला ओ दिली, आणि आम्ही...

शंभुराज : काई बोलू नका. आत्ता म्या ऐकायच्या ठिकानी न्हाई. शिव्या तोंडाशी आल्यात, त्या हितं सांडल्या तर परत तोंड दाखवायला यायची लाज वाटंल. आन् यावं तर लागनारच, रगतच तसलं दिलंय देवानं.

शिवकन्या : तुमच्या बहिणीचा नंबर द्या. तुम्ही निघालात म्हणून कळवते. आईंच्या कानात सांगतील त्या.

शंभुराज : घे. शिवगंगा म्हनून हाय बघ. सांग, वाटंत हाय म्हनून. दुसरं काई सांगू नगंस.

शिवकन्या : दुसरं म्हणजे?

शंभुराज : हेच की. फुकट गेलो हुतो, हे तिला नगं. त्या बाळंतिनीला काय झालं?

हेमा : मुलगी. दोघी बऱ्या आहेत.

शंभुराज : निगताना मायच्या कानाशी तोंड नेऊन बोललो हुतो, एका बाईला रगत पायजे, देऊन येतो. डोळं उघडता येत न्हाईत तिला, पर बोटं सैल केली. त्यावरच निगालो. न्हाई तर निगालो नसतो.

हेमा : देव करो आणि तुमची गाठ पडो.

शंभुराज : बघू. पडली तर सांगीन, माय, ती बाई वाचली, पोरगी झाली तिला. कुनाच्या रगतानं, ते ती आता इचारायची न्हाई.